हलका नाश्ता

'सकाळचा नाश्ता हलका असावा' हे वाक्य मी इतक्या जणांच्या तोंडून ऐकलंय, की आता कुणी म्हटलं तर मी आधी विचारतो, हलका म्हणजे काय? आमच्या सोलापुरात, आमच्या मोहल्ल्यात, हलका म्हणजे कपभर चहा आणि दोन-तीन बटर. बटर म्हणजे लोणी नव्हे. बेकरीत मिळणारा तो गोल, कडक, चहात बुडवला की फुगणारा मैद्याचा बटर. कुणी त्याऐवजी खारी घेतं, कुणी टोस्ट, कुणी पाव. पोटाला जड वाटत नाही, तवा ठेवावा लागत नाही, पाच मिनिटांत काम होतं. आणि जड म्हणजे अंडी, खिमा, रात्रीची भाजी-भाकरी. घरात कुणाला मधुमेह निघाला की सगळ्यात आधी हेच सांगितलं जातं, आता जड काही खाऊ नका, चहा-बटर घ्या.

रक्तातल्या साखरेच्या हिशेबानं पाहिलं तर हे बरोबर उलटं आहे. आमच्या घरात ते अब्बांना महागात पडलं.

अब्बा यंत्रमागावर होते, बहुतेक रात्रपाळीला. सकाळी सातला सायकलवरून यायचे, येताना कोपऱ्यावरच्या बेकरीतून पुडी आणायचे. दोन कप चहा, तीन-चार बटर, मग झोप. अंगानं अगदी काटकुळे. १९९८ साली त्यांना साखर निघाली तेव्हा जो तो एकच म्हणाला, 'एवढ्या हडकुळ्या माणसाला साखर कशी होईल?' अब्बांनी चहातली साखर सोडली, भात सोडला, खिमा सोडला. अंडी तर 'उष्ण' म्हणून आधीच सुटलेली. बटर तेवढा राहिला, कारण तो हलका. पुढं पायाचं बोट काढावं लागलं, मग मूत्रपिंडं गेली, आणि २०११ मध्ये ते आम्हाला सोडून गेले. बटरमुळं गेले असं मी म्हणणार नाही. गोळ्या मधेच बंद व्हायच्या, तपासणी वर्षातून एकदा, रात्रपाळी, तंबाखू, सगळंच होतं. पण तेरा वर्षांत त्यांच्या एकाही कागदावर कुणी लिहिलं नाही की हा माणूस सकाळी काय खातो.

हडकुळ्या माणसाला साखर कशी, याचं एक उत्तर पुण्यातूनच आलं होतं. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे त्यांचे सहकारी जॉन युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये आपल्या दोघांचा फोटो छापला. उंचीच्या मानानं वजन सांगणारा आकडा, म्हणजे बीएमआय, दोघांचाही २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. म्हणजे काट्यावर बारीक दिसणारा आपल्याकडचा माणूस आतून बारीक असतोच असं नाही. चरबी जास्त, स्नायू कमी. आणि जेवणातून आलेली साखर रक्तातून उचलून घेण्याचं मोठं काम स्नायूंचंच. अब्बा गेल्यावर बऱ्याच वर्षांनी हे माझ्या वाचनात आलं.

आता अम्मी ७२ वर्षांची आहे. तिला २०१४ पासून मधुमेह, मला २०१९ पासून, आणि धाकटी बहीण काठावर. मागच्या हिवाळ्यात अम्मीची तीन महिन्यांची सरासरी, म्हणजे एचबीए१सी, ८.९ आली. दवाखान्यातून आहाराचा एक छापील कागद मिळाला. इंग्रजीत होता. ओट्स, कॉर्नफ्लेक्स, मल्टिग्रेन टोस्ट, दोन इडल्या, दोन मारी बिस्किटं. अम्मीनं तो माझ्याकडून वाचून घेतला आणि विचारलं, "यात आपलं काय आहे?"

प्रश्न रास्त होता. त्या कागदावर बटर खा म्हटलेलं नव्हतं आणि खाऊ नका असंही म्हटलेलं नव्हतं. भाकरी नव्हती, खिमा नव्हता, शेंगाची चटणी नव्हती. आमची सकाळ त्यात कुठं नव्हतीच. शिवाय कॉर्नफ्लेक्स! कुठला पदार्थ रक्तातली साखर किती भराभर वाढवतो हे मोजण्याची ग्लायसेमिक इंडेक्स नावाची पद्धत टोरांटोच्या डेव्हिड जेन्किन्स आणि सहकाऱ्यांनी १९८१ साली काढली. त्या यादीत कॉर्नफ्लेक्स पांढऱ्या पावाच्याही वर बसतात. बटर सोडून कॉर्नफ्लेक्स घेणं म्हणजे खिसा हलका करून साखर तिथंच ठेवणं.

मग आम्ही आमचा कागद तयार करायचं ठरवलं. ग्लुकोमीटर घरात होताच, कपाटात पडून. पट्ट्या मात्र आणाव्या लागल्या, त्या स्वस्त नाहीत. महिनाभर आम्ही दोघांनी आलटून पालटून एक दिवस अम्मीचं बोट, एक दिवस माझं बोट असं केलं. फजरनंतर उपाशीपोटी एकदा, आणि पहिल्या घासापासून बरोबर दोन तासांनी दुसऱ्यांदा. बहिणीनं वही घातली. ह्या यंत्रांना साधारण पंधरा टक्के इकडं-तिकडं होण्याची मुभा असते, म्हणून एकाच आकड्यावर जायचं नाही, प्रत्येक नाश्ता तीनदा मोजायचा, असं ठरलं.

पहिल्याच आठवड्यात भांडण होता होता राहिलं. रात्री झोपताना अम्मीची साखर ११८ होती आणि सकाळी उपाशीपोटी १३२. बहिणीनं वहीतून डोकं वर केलं आणि अम्मीकडं बघितलं. अम्मी म्हणाली, "अल्लाकसम, पाण्याशिवाय काही घेतलं नाही!" घराघरांत म्हाताऱ्या माणसांवर हा आळ येतो. रात्री उठून डबा उघडला असेल, फ्रिजमधला शिरा खाल्ला असेल. बहुतेक वेळा ती माणसं खरं बोलत असतात. पहाटेच्या सुमारास शरीर उठायच्या तयारीला लागतं, कॉर्टिसॉल आणि तसलीच काही संप्रेरकं वाढतात आणि यकृत आपल्याकडची साखर रक्तात सोडतं. निरोगी माणसाचं इन्शुलिन ती गुपचूप सांभाळून घेतं. मधुमेहीचं घेत नाही. इंग्रजीत याला पहाटेच्या नावानंच ओळखतात, डॉन फिनॉमेनन. तेव्हा सकाळी वाढलेल्या आकड्यासाठी आईला गुन्हेगार ठरवण्याआधी हे ध्यानात असू द्यावं.

आणि यातूनच नाश्त्याची गोम कळते. पहाटे यकृतानं साखर सोडलेली, इन्शुलिनला शरीर तेव्हा नीट दाद देत नाही, आणि अशा वेळी आपण वरून मैदा ओततो. बऱ्याच मधुमेहींमध्ये दिवसातला सगळ्यात मोठा चढ दुपारच्या जेवणानंतर नाही, नाश्त्यानंतरच येतो. डॉक्टर सहसा उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची साखर बघतात. नाश्त्यानंतरची कोण बघतंय?

आमच्या वहीनं बघितली. अम्मीचे आकडे असे आले (तीन वेळची सरासरी सांगतोय). एक चमचा साखरेचा चहा आणि तीन बटर, १३२ वरून २३६. मग बिनसाखरेचा चहा आणि तेच तीन बटर, १२९ वरून २२१. म्हणजे चमचाभर साखर सोडून मिळाले कसेबसे दहा-बारा आकडे. अम्मी दहा वर्षं फिक्का चहा पिऊन त्याग करत होती, आणि बटर खुशाल बसला होता. हिशेब अवघड नाही. चहाचा चमचा म्हणजे चार-पाच ग्रॅम साखर. तीन बटरमध्ये, आकार बघून, तीसेक ग्रॅम तरी पिष्ट निघतं, आणि मैद्याचं पिष्ट म्हणजे साखरेच्याच माळा. त्यात कोंडा नाही, तंतू नाहीत, वर बुडवून मऊ केलेलं. पोटाला काही काम उरतच नाही. 'पोटाला हलका' हे खरंच आहे, पण पोटाला जो हलका तोच रक्ताला जड.

पोह्यांचं तसंच झालं. बशीभर पोहे, १२६ वरून २१४. मात्र पोहे निम्मे केले आणि त्यात मोड आलेली मटकी, शेंगदाणे भरपूर घातले, तेव्हा १८० च्या आत राहिले. मधुमेहींना जेवणानंतर दोन तासांनी साधारण १८० च्या खाली राहा असं सांगतात.

आता जड नाश्ता. अर्धी ज्वारीची भाकरी, दोन अंड्यांचं कांदा-टमाटं घातलेलं आम्लेट, १३० वरून १६१. रात्रीचा उरलेला खिमा आणि अर्धी भाकरी, १३४ वरून १५८. बहिणीनं हा आकडा दोनदा वाचून दाखवला. अम्मी गप्प बसली, आणि मग म्हणाली, "तुझ्या अब्बाचा खिमा आम्हीच बंद केला होता." त्यावर कुणी काही बोललं नाही. तेव्हा जे कळत होतं ते तिनं केलं, आणि सगळं जग तिला तेच सांगत होतं.

ज्वारीबद्दल एक खुलासा केला पाहिजे, कारण हल्ली भाकरीला औषध म्हणण्याची फॅशन आली आहे. ज्वारीतही पिष्ट गव्हाइतकंच आहे. पचायला वेळ थोडा जास्त, इतकाच फरक. दोन भाकऱ्या चेपल्या तर साखर वाढणारच. आमच्या बेकरीवाल्या चाचांनी ज्वारीची बिस्किटं काढली आहेत, 'शुगरवाल्यांसाठी' म्हणून. खाऊन बघितली, मस्त आहेत. साखर आणि डालडा बटरइतकाच. गुळाचंही तेच. मधाचंही तेच. मधात शिफा आहे यावर माझा विश्वास आहे, पण ग्लुकोमीटरला मध आणि साखर वेगळी ओळखता येत नाही.

भाकरी आधी की अंडं आधी, यानंसुद्धा फरक पडतो हे मला नवीन होतं. न्यूयॉर्कच्या वाइल कॉर्नेल वैद्यकीय महाविद्यालयात २०१५ साली ११ मधुमेहींवर एक छोटा प्रयोग झाला. जेवण तेच, एकदा पाव आधी आणि चिकन-भाजी नंतर, एकदा चिकन-भाजी आधी आणि पाव शेवटी. पाव शेवटी खाल्ला तेव्हा तासाभरानंतरची साखर ३७ टक्क्यांच्या आसपास कमी होती. माणसं फक्त ११, हे ध्यानात ठेवायचं, पण करून बघायला पैसे पडत नाहीत. अम्मीला हे मुळीच पटलं नाही. "कोरडं अंडं कोण खातं? भाकरी काय तोंड पुसायला?" शेवटी तोड निघाली, अर्धं अंडं आणि काकडी आधी, उरलेलं भाकरीबरोबर.

आता माझं दुखणं, कॉफी. मी शाळेत शिकवतो. आमच्या शिक्षकांच्या खोलीत गेल्या काही वर्षांत कॉफीची लाट आली आहे. साखर झाली की चहा सोडायचा आणि काळी कॉफी धरायची, बिनसाखरेची, बिनदुधाची, तिच्यानं साखर उतरते म्हणे. सांगणारे पुरावा म्हणून संशोधनाचा दाखला देतात, आणि तो खोटा नाही. नेदरलँड्समधल्या सतरा हजारांवर लोकांचा अभ्यास २००२ साली 'लॅन्सेट'मध्ये आला होता. दिवसाला सात किंवा जास्त कप कॉफी पिणाऱ्यांना मधुमेह होण्याचं प्रमाण दोन किंवा कमी कप पिणाऱ्यांच्या निम्मं आढळलं. पुढं इतर देशांतही तसंच दिसलं, कॅफिन काढलेल्या कॉफीतसुद्धा.

पण हा अभ्यास मधुमेह नसलेल्यांचा आहे. ज्यांना झालाच आहे त्यांच्याबद्दल वेगळा प्रश्न विचारावा लागतो, आणि अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात जेम्स लेन यांनी तो विचारला. २००४ साली त्यांनी रोज कॉफी पिणाऱ्या १४ मधुमेहींना कॅफिनच्या गोळ्या दिल्या. उपाशीपोटीच्या साखरेवर फारसा परिणाम नाही. पण कॅफिन जेवणाबरोबर गेलं तेव्हा जेवणानंतरची साखर २१ टक्के जास्त चढली. इन्शुलिन त्याहूनही जास्त पाझरलं, तरी साखर चढलीच. इंग्लंडमध्ये बाथ विद्यापीठात २०२० साली निरोगी माणसांवर बघितलं, रात्री झोपमोड झाल्यावर सकाळी नाश्त्याआधी कडक काळी कॉफी दिली, तर नंतरचा चढ पन्नास टक्क्यांच्या आसपास वाढला.

कारण कॉफीच्या मूळ कामातच आहे. कॉफी जगाला दिली ती येमेनच्या सूफींनी, पंधराव्या शतकात, रात्रीच्या जिक्रला डोळा लागू नये म्हणून. १५११ साली मक्केत तिच्यावर बंदीही घातली गेली होती, टिकली नाही. आपल्याकडं चिकमगळूरच्या डोंगरावर ती बाबा बुदन यांनी मोख्याहून सात बिया आणून लावली असं सांगतात. जागं ठेवणं हेच तिचं काम. आणि शरीराला जागं ठेवायचं म्हणजे ॲड्रेनलिन वाढवायचं, आणि ॲड्रेनलिन वाढलं की यकृत साखर सोडतं आणि स्नायू ती उचलायला आढेवेढे घेतात. पहाटे शरीर स्वतःच जे करत असतं, तेच कॉफी वरून करते.

मी माझ्यावर मोजलं. आम्लेट-अर्धी भाकरी आणि साधं पाणी, दोन तासांनी १४९. तोच नाश्ता, पण आधी रिकाम्या पोटी मोठा कप काळी कॉफी, १७१. शेजारच्या शिक्षकावर मोजलं तर त्यांच्यात काहीच फरक नाही. माणसागणिक वेगळं असतं, म्हणून इथं दुसऱ्याच्या आकड्यावर विश्वास ठेवून चालत नाही, माझ्याही नाही. मी कॉफी सोडलेली नाही. फक्त ती नाश्त्याच्या आधीची नाश्त्यानंतर गेली, आणि दोनाची एक झाली. एक मात्र सांगून ठेवतो, कचेऱ्यांत आणि रेल्वे स्थानकांवर बटण दाबून मिळणारी कॉफी बहुधा तयार भुकटीची असते आणि त्यात साखर आधीच घातलेली असते. 'बिनसाखरेची द्या' म्हणून उपयोग नाही.

चहात कॅफिन कमी असतं, कॉफीच्या निम्म्यापेक्षाही कमी असू शकतं, म्हणून त्याची एवढी धास्ती नको. चहाबरोबर काय येतं त्याची धास्ती घ्यावी.

रमजानचं बोललंच पाहिजे, कारण रोजेदाराचा नाश्ता म्हणजे सेहरी. आजारी माणसाला रोजाची सवलत कुराणातच आहे, तरी आपली माणसं ऐकत नाहीत. १३ देशांत झालेल्या एपिडायर अभ्यासात टाइप दोनच्या मधुमेहींपैकी जवळजवळ ७९ टक्के लोकांनी निदान पंधरा रोजे ठेवलेले आढळले. तेव्हा ठेवू नका म्हणण्यापेक्षा कसे ठेवायचे ते बोलावं. सेहरी टाळू नये, शक्य तितकी उशिरा करावी, आणि तिथं पराठा-चहा किंवा शेवया न घेता डाळ, अंडी, दही, अर्धी भाकरी घ्यावी. बोट टोचून साखर तपासल्यानं रोजा तुटत नाही. ७० च्या खाली गेली किंवा ३०० च्या वर गेली तर रोजा लगेच सोडायचा, मगरिबला दहा मिनिटं उरली असली तरी. इन्शुलिन किंवा साखर झटकन उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी महिनाभर आधीच डॉक्टरांकडून वेळा आणि मात्रा बदलून घ्याव्यात. हीच सावधगिरी एरवीही. असल्या गोळ्या चालू असताना नाश्त्यातलं पिष्ट एकाएकी निम्मं केलं तर साखर खाली आदळू शकते. आणि ज्यांची मूत्रपिंडं दुखावली आहेत त्यांनी अंडी-खिमा वाढवण्याआधी विचारून घ्यावं.

अंडी रोज परवडत नाहीत, हे मला शेजारच्या खालांनी सुनावलं. त्या विड्या वळतात. सकाळपासून सूप मांडीवर, एका जागी बसून, आणि दिवसाला पाच-सहा चहा, प्रत्येकात दोन चमचे साखर, कारण चहानं भूक मरते. अम्मीची वही बघून त्यांनीही बोट पुढं केलं. चहा-पावानंतर २६८. त्यांना साखर आहे हे तेव्हाच कळलं. घरच्या यंत्रावर भागत नाही म्हणून बहीण त्यांना दुसऱ्या दिवशी सरकारी दवाखान्यात घेऊन गेली, तिथं शिक्कामोर्तब झालं आणि गोळ्या सुरू झाल्या. नाश्त्याचं उत्तर मात्र त्यांनीच काढलं, आणि ते आमच्या अंड्यांपेक्षा सरस आहे. शिळी अर्धी भाकरी, मूठभर शेंगाची चटणी, कांदा, वाटीभर ताक. सोलापुरात शेंगाची चटणी नाही असं घर नाही, आणि शेंगदाण्यात पिष्ट थोडं, प्रथिनं आणि तेल जास्त. परवा मोजलं तेव्हा १७६. चहा आता तीन, आणि साखर अर्धा चमचा. पूर्ण सोडणार नाही म्हणाल्या, मीही आग्रह केला नाही.

अम्मीची तीन महिन्यांची सरासरी मागच्या आठवड्यात आली. ८.९ वरून ७.४. मधे डॉक्टरांनी गोळी वाढवली होती, तेव्हा सगळं श्रेय भाकरीला देता येणार नाही. अम्मीनं कागद नीट घडी करून पिशवीत ठेवला आणि विचारलं, "मग शुक्रवारी एक बटर चालेल?"

मी म्हटलं, अंड्यानंतर.